सौरबंबातली वीज

सौरबंब आणि त्याच्याच टाकीत बसवलेला विजेचा हीटर, ही जोडगोळी आता अनेक गच्च्यांवर दिसते. विक्रेत्यांची माहितीपत्रके आणि विज्ञान प्रदर्शनांतील प्रतिकृती तिचे वर्णन बहुधा एकाच सुरात करतात: ऊन असेल तेव्हा सूर्य, नसेल तेव्हा वीज. परंतु टाकीतल्या पाण्याला हा करार ठाऊक नसतो!

थोडे गणित करू. चौघांच्या आंघोळींना सकाळी ८० लिटर गरम पाणी लागले असे समजा. तेवढेच २० अंशांचे गार पाणी खालून टाकीत शिरते. हीटर तळाशी असेल, थर्मोस्टॅट ६० अंशांवर असेल आणि बटन चालूच राहिले असेल, तर ८० × ४.२ × ४० म्हणजे १३,४४० किलोज्यूल उष्णता त्या पाण्याला द्यावी लागते. याला ३,६०० ने भागले की सुमारे पावणेचार युनिटे होतात. २ किलोवॉटचा हीटर हे काम दोन तासांच्या आत उरकतो. मग ऊन चढते तेव्हा सूर्याला करायला फारसे उरतच नाही. शिवाय संग्राहकात जाणारे पाणी जितके गरम, तितकी त्यातली उष्णता बाहेरच्या हवेत अधिक निसटते. म्हणजे दोन साधने जोडली की बचतीची बेरीज होते, हे गृहीतकच चुकीचे आहे.

हीटर टाकीच्या वरच्या भागात असेल तर नुकसान कमी होते. गरम पाणी हलके म्हणून वर राहते, तळचे गार पाणी सूर्यासाठी शिल्लक उरते. पण प्रतिकृतीत हीटर जागा मिळेल तिथे खोचलेला असतो आणि परीक्षकही त्याविषयी क्वचितच विचारतात. मला तर न्हाणीघरात, सौरबंबाच्या नळीवरच, छोटा वेगळा गीझर बसवणे अधिक शहाणपणाचे वाटते. तो वापरायच्या पाण्यातली उणीव तेवढी भरून काढतो. (जुन्या तांब्याच्या बंबात आंघोळी आटोपल्या की कोणी लाकडे घालीत नसे.) पावसाळी ढगाळ दिवसांत विजेची मदत लागतेच, त्याबद्दल वाद नाही.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना स्वच्छ उन्हाचे सहा दिवस निवडायला सांगावे. तीन दिवस हीटर चालू, तीन दिवस बंद. रोज ठरावीक वेळी मीटरचा आकडा आणि दुपारी चार वाजता टाकीतल्या पाण्याचे तापमान नोंदवावे. तापमानात विशेष फरक पडला नाही, तर जादा युनिटे कशावर खर्च झाली, हे त्यांनाच विचारावे.