राजीखुशीने

व्हिडिओ गेम या वस्तूविषयीचं माझं मत मी छत्तीस वर्षं पगार घेऊन सांगत आले. जालन्यात शाळेत मराठी शिकवायची. वर्गात एखादा डुलक्या घ्यायला लागला, की आदल्या रात्री त्याच्या घरी एक तर लग्न असायचं, नाही तर गेम. लग्नाला मी माफी द्यायची.

त्यामुळे परवाच्या दिवाळीत नातू लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, “आजी, हा एक खेळ बघच. पुण्यात बनलाय,” तेव्हा मी हातातला सोऱ्या खालीसुद्धा ठेवला नाही. पुण्यात बनलेली वस्तू नापसंत करायला मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं कारण लागत नाही.

“नाव काय त्याचं?”

“राजी.”

मी सोऱ्या खाली ठेवला. हा शब्द गेली चार वर्षं माझ्या कपाटात पडून आहे. एका कागदावर, तिसऱ्या ओळीत. त्या कागदाकडे मागाहून येते, आधी खेळ.

‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ असं त्याचं पूर्ण नाव. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा मंडळींनी तो केला आणि २०२० साली तो बाहेर पडला. २०१७ साली त्यांनी खेळासाठी लोकवर्गणी मागून पाहिली, ती पुरेशी जमली नाही. तेव्हा संस्थापकांपैकी एका बाईंनी स्वतःचा फ्लॅट विकला आणि काम चालू ठेवलं. हे ऐकल्यावर माझा आवाज जरा खाली आला. पुण्यात फ्लॅट घेण्यासाठी गावाकडची जमीन विकणारे मी खंडीभर पाहिलेत. गोष्ट सांगण्यासाठी फ्लॅट विकणारं माणूस पहिल्यांदाच ऐकलं. पुढे ‘द गेम अवॉर्ड्स’च्या २०२० सालच्या यादीत पहिलाच खेळ करणाऱ्यांच्या गटात जगातली पाच नावं निघाली, त्यांत यांचं होतं. बक्षीस दुसऱ्याला गेलं. तेही आपल्याला सवयीचं आहे.

गोष्ट दोन ओळींची. राजी ही सर्कशीत कसरती करणारी पोर, धाकटा गोलू बाहुल्या नाचवणारा. आईबाप नाहीत. राक्षस येतात, मुलं पळवून नेतात, त्यांत गोलूही जातो. बहीण त्याला शोधायला निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे विष्णूचं धनुष्य मिळतं. वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याविषयी बोलत असतात. २०२२ साली निघालेल्या आवृत्तीत ते हिंदीतही बोलतात, आणि पुष्कळ बोलतात. ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या पोरीबद्दल आपसांत बोलावं, पण उठून तिच्या डोक्यावरचा हंडा काही घेऊ नये, असा एकंदर प्रकार. देवांचं हे चित्रण मला फार वास्तववादी वाटलं.

नातवानं मला खुर्चीत बसवलं आणि माझी बोटं कुठल्या कळीवर ठेवायची ते दाखवलं. राजीनं भिंतीवरून पळायचं, कठड्याला लोंबकळायचं, खांबाला धरून मल्लखांबासारखी गिरकी घ्यायची. माझी राजी मात्र पहिल्या अर्ध्या तासात अकरा वेळा दरीत गेली. “आजी,” नातू म्हणाला, “ती उडी मारते तेव्हा तू खुर्चीतून उठलं पाहिजे असं नाही.” पण मला उठल्याशिवाय जमेना. पोर दरीवरून उडी मारते आहे आणि आपण पाय लांब करून बसायचं, हे कुठल्या संस्कारात बसतं?

आता चित्रांविषयी. राजस्थानी वाडे, कमानी, कमळांनी भरलेली पाणी, आणि रंग असे, की पहाडी लघुचित्रांच्या चौकटीतून कुणी आपल्याला आत ढकलून द्यावं. दगड, खांब, भिंती यांचे रंग हातानं भरलेले आहेत, आणि ते कळतं. यंत्राच्या रंगात असते ती इस्त्री त्यांना नाही. मधेमधे गोष्ट पुढे नेताना बाहुल्यांच्या सावल्या येतात. इथे मला आमच्या शेजारच्या पैठणची चित्रं आठवली. पूर्वी चित्रकथी गावोगाव हिंडायचे. हातानं काढलेल्या चित्रांची चळत जवळ, एकेक चित्र समोर धरायचं आणि रामायण सांगायचं. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एका कागदात दोन प्रसंग. तळकोकणात पिंगुळीला ती कला, चामड्याच्या बाहुल्यांसकट, अजून जिवंत आहे. नातवाला सांगितलं, “हा तुझा गेम म्हणजे चित्रकथीच की रे. फरक इतकाच, की चित्र मला स्वतःला ढकलावं लागतं.”

खरी गंमत कोड्यांत आहे. वाटेत कुठे कुठे गोल चित्रं लागतात, तुकडे सरकलेली. त्यांची वर्तुळं फिरवून चित्र जुळवायचं. जुळलं, की राजी आणि गोलूचा एखादा जुना प्रसंग दिसतो. नातवाच्या मते ही कोडी अगदीच सोपी आहेत. चौथीतला मुलगा सोडवील. चौथीतल्या मुलाचं मी सांगत नाही, पण लहानपणी जातं ओढलेल्या बाईला गोल फिरवायची वस्तू दिली, की हात आपोआप चालतो आणि डोकं भलतीकडे जातं. मी वर्तुळ फिरवत होते आणि मला राजूरचा गणपती दिसत होता.

मी दहा वर्षांची, भाऊ पाच वर्षांचा. अंगारकीची गर्दी. आईनं त्याचा हात माझ्या हातात दिला होता आणि तो सुटला. तासभर मी त्या गर्दीत लोकांच्या धोतरांतून आणि लुगड्यांतून हिंडले. शेवटी हा रेवड्यांच्या दुकानापाशी बसलेला, दुकानदारानं दिलेल्या रेवड्या खात होता आणि मला पाहून म्हणाला, “अक्का, तू कुठं हरवली होतीस?” मी त्याला एक थोबाडीत दिली आणि मग त्याच्यापेक्षा मोठ्यानं रडले.

“आजी, चित्र केव्हाच जुळलंय,” नातू म्हणाला.

माझी खेळाविरुद्धची तक्रार इथूनच सुरू होते. अशी चित्रं फार थोडी आहेत आणि मारामाऱ्या फार. गोलू आपल्याला नीट कळायच्या आत नाहीसा होतो. तो कसा हसायचा, कशावर रुसायचा, हे कळायला त्या गोल चित्रांशिवाय दुसरी जागा नाही. अन् तिथून उठवून खेळ आपल्याला पुन्हा राक्षसांपुढे उभं करतो. बार्सिलोनातल्या काही मंडळींनी २०१८ साली काढलेला ‘ग्रिस’ नावाचा एक खेळ नातवानं मला नंतर दाखवला. त्यात एका मुलीचा आवाज जातो, जगातला रंग उडतो, आणि ती चालता चालता एकेक रंग परत आणते. सगळं हातानं चितारलेलं. त्यात ती मरत नाही, माझ्या हातून दरीत गेली तरी नाही. दुःख झालेल्या माणसाला आणखी मारून काय मिळवायचं, हे त्या लोकांना समजलेलं दिसतं. आमच्या पुणेकरांना गोष्ट तीच सांगायची होती, पण राक्षस नसले तर गिऱ्हाईक येईल का, ही धास्ती त्यांना असावी. फ्लॅट विकलेल्या माणसाला ती धास्ती मी माफ करते. लग्नासारखी.

दुसरी तक्रार शेवटाविषयी. चारपाच तासांत आपण महाबलासुरापर्यंत पोचतो, आणि गोष्ट तिथे अशी तुटते, की पोथीचं शेवटचं पान कुणी वाण्याला पुडीसाठी दिलं असावं. मी नातवाला म्हटलं, “एवढंच? एवढी वणवण केली, आणि भावाबहिणीचं दोन शब्दांचं बोलणं नाही?”

“तू तरी कुठं बोलतेस मामाआजोबांशी?” नातू म्हणाला. आजकालच्या मुलांना परीक्षणाचं परीक्षण करायची वाईट सवय आहे.

तर तो कागद. अंबड तालुक्यात आमची वडिलोपार्जित मोसंबीची बाग आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात भावानं टँकरच्या पाण्यावर ती जगवली, निम्मी झाडं तरीही जळाली. बागेत माझा वाटा आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली मुलींना हक्क दिला, हे मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवलंय. पण मला बाग नको होती. झाडं त्यानं जगवली, त्याचीच ती. मी हक्क सोडणारच होते. फक्त त्यानं येऊन एकदा म्हणायला हवं होतं, “अक्का, दे.” तो आला नाही. स्टँपपेपर घेऊन एक कारकून आला. त्यावर तिसऱ्या ओळीत टाइप केलेलं होतं, की मी हे राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देत आहे. मी कारकुनाला चहा दिला आणि कागद कपाटात टाकला. त्यानंतर चार भाऊबिजा गेल्या.

ती राजी त्रिशूळ घेऊन राक्षसांच्या गावाला जाते. मला अंबडला जायचं होतं. बस दर तासाला आहे.

त्या रात्री मी फोन केला. पहिल्यांदा दोघंही गप्प. मग मी शिक्षिकेच्या आवाजात विचारलं, “आंबे बहार उतरवला का?”

“निम्मा उतरवलाय,” तो म्हणाला. मग थोडं थांबून, “अक्का, कुठं हरवली होतीस?”

या खेपेला थोबाडीत द्यायला तो हाताशी नव्हता. रडण्याचं मात्र जमलं.

भाऊबिजेला तो आला. मोसंबीचं पोतं घेऊन आला, कागदाचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही. सही करायची की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. करीन तेव्हा तिसरी ओळ मला खोडावी लागणार नाही, एवढं खरं.

खेळाला मी दहापैकी सात गुण दिले आहेत. मारामाऱ्यांचे दोन कापले आणि शेवटाचा एक. नातवाचं म्हणणं, शेवटाचा गुण कापायचा अधिकार मला नाही.