हेल आणि आवाज : नटाच्या वाणीविषयीचे आपले ग्रह

नटाच्या आवाजाविषयी आपण अभिप्राय देतो तेव्हा तो केवळ आवाजाविषयीच असतो, असे आपण धरून चालतो. 'भारदस्त', 'खडा', 'गोड', 'घोगरा' ही विशेषणे आपण वापरतो ती कंठाला उद्देशून. परंतु नट रंगमंचावर नुसता आवाज काढीत नाही. तो बोलतो, आणि बोलताना कोणत्यातरी गावचा, कोणत्यातरी थरातला होऊन बोलतो. मराठीत यासाठी 'हेल' असा नेमका शब्द आहे. वाक्याच्या शेवटी स्वर कोठे लांबतो, जोर कोणत्या अक्षरावर पडतो, 'ण' आणि 'ळ' कसे उमटतात, यांवरून ऐकणारा क्षणात बोलणाऱ्याचा मुलूख ओळखतो. आणि मुलूख ओळखला की त्याची जात, शिक्षण व स्वभाव यांविषयीही काही ठरवून टाकतो. हे ठरवणे इतक्या त्वरेने होते की त्याचे रूपांतर आवाजाविषयीच्या अभिप्रायात कधी झाले, हे त्याचे त्यालाही कळत नाही. प्रस्तुत लेखात मराठी रंगभूमी आणि चित्रपट यांतील काही उदाहरणांच्या आधारे हा व्यवहार तपासून पाहावयाचा आहे.

पात्राची योग्यता त्याच्या बोलीवरून ठरविण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. संस्कृत नाटकात राजा आणि ब्राह्मण मंत्री संस्कृत बोलतात. स्त्रिया सामान्यतः शौरसेनी बोलतात आणि गातात ती महाराष्ट्रीत. खालच्या थरातील पात्रांच्या वाट्याला मागधी येते. नाट्यशास्त्राने या वाटपाचे नियमच घालून दिले आहेत. 'मृच्छकटिका'तील शकार हे या दृष्टीने मोठे बोधक पात्र आहे. 'स'च्या जागी 'श' उच्चारण्याची त्याची खोड हीच त्याची ओळख. त्याचा दुष्टपणा आणि मूर्खपणा कृतीतून प्रकट होण्यापूर्वीच उच्चारातून प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो. ज्या भाषेशी आज मराठीचे नाते सांगितले जाते ती महाराष्ट्री या व्यवस्थेत गीतांसाठी गौरविली गेली. राजाच्या तोंडचे गद्य मात्र तिला मिळाले नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे.

अर्वाचीन काळात हे वाटप नव्या रूपाने झाले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. कोश, व्याकरणे आणि शालेय पुस्तके यांच्याद्वारे एकोणिसाव्या शतकात छापील मराठीचे जे रूप स्थिर झाले, त्यामागे पुणे परिसरातील शिष्टांचे बोलणे मानदंड म्हणून उभे होते. पुढे शाळा, सभा, रंगभूमी आणि आकाशवाणी यांनी हेच रूप कानांवर बिंबविले. परिणामी या बोलण्याला हेल असतो हेच आपण विसरलो. ते 'स्पष्ट' आणि 'शुद्ध' ठरले. हेल तेवढा इतरांना उरला.

या शुद्धतेच्या कल्पनेत उच्चाराच्या अंगभूत गुणांचा भाग किती आहे, हे एका शब्दावरून पाहता येईल. 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हणणाऱ्याला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हसण्यात आले. तोच 'पानी' हिंदीत शिष्टसंमत आहे. व्युत्पत्तीने पाहू गेल्यास संस्कृत 'पानीय' या शब्दातही 'न'च आहे. म्हणजे हसू येते ते उच्चारामुळे नव्हे. तो उच्चार कोण करतो, यामुळे येते. वऱ्हाडीत 'काळा' या शब्दाचे 'काया' होते, त्याला आपण उच्चारदोष म्हणतो. पुण्याच्या बोलण्यातील लकबींना मात्र दोष म्हटल्याचे सहसा ऐकिवात नाही.

हा विषयच ज्या नाटकाचा गाभा आहे ते नाटक म्हणजे पु. ल. देशपांडे यांचे 'ती फुलराणी' (१९७५). १९१३ साली प्रथम रंगभूमीवर आलेल्या शॉच्या 'पिग्मॅलियन'चे हे रूपांतर. फुले विकणाऱ्या मंजुळेची केवळ वाणी बदलली की जग तिला निराळी वागणूक देते, एवढ्या एका सूत्रावर नाटक उभे आहे. मंजुळेच्या भूमिकेत भक्ती बर्वे यांनी जे यश मिळविले ते मराठी रंगभूमीच्या इतिहासात नोंदले गेले आहे. त्या यशाचे मोल कमी करण्याचा येथे हेतू नाही. त्याचे स्वरूप मात्र समजून घ्यावयास हवे. भक्ती बर्वे यांचा आवाज प्रेक्षकांना आकाशवाणी व दूरदर्शनवरून परिचित होता. ही वाणी मुळात 'आपली' आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक होते. त्यामुळे त्या जेव्हा मंजुळेच्या रांगड्या बोलीत शिरल्या, तेव्हा त्यांनी कापलेले अंतर त्याला दिसले, आणि ते अंतर म्हणजेच अभिनय, असे त्याने मनोमन मानले.

आता याची उलट बाजू पाहावी. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) या चित्रपटात अकलूजच्या रिंकू राजगुरू हिने आर्चीची भूमिका केली आणि तिला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेखाचा मान मिळाला. तिच्याविषयी आपण काय बोललो? 'किती सहज', 'किती नैसर्गिक', 'ती मुळी तशीच आहे'. ही स्तुतीच होती. पण या स्तुतीत एक वजाबाकी दडलेली आहे. बोली तिची स्वतःची, म्हणून भूमिकाही जणू जन्मतःच मिळालेली, असा त्याचा अर्थ होतो. वास्तविक चित्रपटाच्या पूर्वार्धात धाकाने आणि मिजाशीने उचलला जाणारा तिचा स्वर उत्तरार्धात, परक्या शहरात, हळूहळू आखडत जातो. मुलूख तोच, हेलही तोच; परंतु त्यामागचा श्वास आणि आत्मविश्वास बदललेला असतो. एवढा फरक न ठरविता होत नाही. प्रमाण मराठी बोलणाऱ्या नटीने एखादी भूमिका आपल्याच घरच्या बोलीत केली, तर तिला कोणी 'ती मुळी तशीच आहे' असे म्हणत नाही. तिचे ते कौशल्य, आणि करमाळा-अकलूजकडच्या मुलीचा तो स्वभाव! हा भेद समीक्षेने आजवर पुरेशा गांभीर्याने तपासलेला नाही.

निळू फुले यांच्या बाबतीत हाच भेद अधिक तीव्रतेने घडला. 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) पासून पुढे त्यांचा ग्रामीण पुढारी, पाटील, सावकार इतका ठसला की तो घोगरा, दबका, शब्द चघळत सोडणारा आवाज हाच त्यांचा स्वभाव आहे, अशी समजूत पसरली. प्रत्यक्षात फुले पुण्यात वाढलेले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून तयार झालेले आणि पुढे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत वावरणारे गृहस्थ. त्यांचा पाटील ही कमावलेली निर्मिती होती. याचा पुरावा त्यांच्याच कामात आहे. 'सामना' (१९७४) मधील हिंदुराव धोंडे पाटील आणि 'सिंहासन' (१९७९) मधील पत्रकार दिगू टिपणीस या दोन भूमिका लागोपाठ पाहाव्यात. दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकरांची, कंठ एकच. पण हिंदुरावाच्या बोलण्यात समोरच्याला बोलते ठेवून जोखण्याची जी संथ हुकमत आहे, तिचा दिगूमध्ये मागमूस नाही. दिगू ऐकणारा माणूस आहे. त्याचे नागरी मराठी तुटक आणि थकलेले आहे. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या 'सखाराम बाइंडर'मधील त्यांचा सखाराम तर जन्माने ब्राह्मण; जातीवरून वाणी आणि वाणीवरून जात ताडण्याची प्रेक्षकाची सवयच ते पात्र उधळून लावते. एवढे असूनही लोकस्मृतीत राहिला तो पाटीलच.

'सामना'मध्ये फुल्यांच्या समोर डॉ. श्रीराम लागू आहेत. कान, नाक व घसा यांचे शल्यविशारद असलेले लागू 'नटसम्राट'च्या (१९७०) यशानंतर धीरगंभीर वाणीचे जणू प्रतीकच झाले होते. 'पिंजरा' (१९७२) मध्ये ते आदर्शवादी गुरुजी, 'सामना'मध्ये दारूने खचलेले मास्तर. दोन्ही ठिकाणी नीतीचा प्रश्न प्रमाण मराठीत विचारला जातो आणि त्याच्या भोवतीचे गाव बोलीत बोलते. सदसद्विवेकाची भाषा एक आणि सत्तेची किंवा वासनेची भाषा दुसरी, ही वाटणी शकाराच्या काळापासून फारशी हललेली नाही. 'सामना'चे मोठेपण असे की फुल्यांनी हिंदुरावाला एकटेपण आणि माया दिली, आणि त्यामुळे ही वाटणी आतून डळमळू लागली. ते श्रेय संहितेइतकेच आवाजाचे आहे.

बोलीला दिलेली दुसरी जागा विनोदाची. गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' १९८० साली आले आणि मच्छिंद्र कांबळी यांच्यासह त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. मालवणी म्हणजे हसू, हे समीकरण या नाटकाने रूढ केले, असा आक्षेप घेतला जातो. परंतु हसण्याचे कारण नीट पाहिले पाहिजे. कोकणातील गावकरी महाभारतातील प्रसंग उभा करू पाहतात. पौराणिक नाटकाची पुस्तकी भाषा त्यांच्या जिभेवर टिकत नाही आणि भीम-दुर्योधनादी मंडळी मालवणीत घसरतात. येथे फजिती होते ती त्या उसन्या भाषेची. मालवणी तर संकटातून सोडविणारी, जिवंत अशी भाषा आहे. मुंबईच्या गिरणगावातील मालवणी प्रेक्षक आपल्या बोलीला हसत नव्हता, आपल्या बोलीत हसत होता. पुढे मात्र अनेक नाटकांनी आणि मालिकांनी यातले हसू उचलले आणि बोलीची बुद्धी तेवढी मागे ठेवली.

डॉ. लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या १९७९ पासून गाजलेल्या एकपात्री प्रयोगाने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. एक नट, बावन्न पात्रे, आणि ती वेगळी करण्याचे मुख्य साधन म्हणजे मराठवाडी बोलीतलेच निरनिराळे हेल. दुरून ज्या बोलीला आपण एकच एक समजतो, तिच्यात वय, घर, मान आणि मिजास यांनुसार किती थर असतात, हे त्यांनी कानाला दाखवून दिले. बोली हे नटाचे वाद्य आहे, ओझे नव्हे, हे समजण्यासाठी एवढा एक प्रयोग पुरेसा होता.

या चर्चेला एक भारतीय परिमाणही आहे. पुण्यामुंबईचे जे बोलणे महाराष्ट्रात निर्हेल समजले जाते, ते हिंदी चित्रसृष्टीत गेले की स्वतःच 'प्रादेशिक' ठरते. हिंदी पडद्यावर हवालदार आणि घरकाम करणारी बाई यांच्या तोंडी मराठी वळणाची हिंदी कित्येक वर्षे सवयीने दिली गेली. मराठी माणसाच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो, अशा अर्थाचे दिलीपकुमार यांचे उद्गार ऐकून आपण उर्दूची शिकवणी धरली, ही आठवण लता मंगेशकर यांनी स्वतःच सांगितली आहे. पेशावरला जन्मलेल्या आणि घरी हिंदको बोलणाऱ्या दिलीपकुमारांसाठीही ती नागर उर्दू मिळविलेलीच होती, ही यातील लक्षणीय बाब. अर्थात लताबाईंनी शिकवणी धरली हे उचितच झाले. पण जे आपल्या बाबतीत घडले की आपल्याला बोचते, तेच आपण वऱ्हाड, खानदेश आणि मराठवाडा यांच्या बाबतीत नि:शंकपणे करतो, याचे भान त्या आठवणीने यावे.

हे लिहिताना प्रस्तुत लेखकाला स्वतःचा एक अभिप्राय आठवतो. अनेक वर्षांपूर्वी महाविद्यालयीन नाट्यस्पर्धेत परीक्षक म्हणून बसलो असता, अठराव्या शतकातील एका सरदाराची भूमिका करणाऱ्या वैदर्भीय विद्यार्थ्याविषयी मी लिहिले होते : 'आवाज उत्तम, परंतु भूमिकेस न शोभणारा.' आवाज उत्तम असेल तर तो न शोभण्याचे कारण काय, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. न शोभणारा होता तो त्याचा हेल, आणि तोही माझ्या कानाला. ज्या छापील मराठीची मी त्याच्याकडून अपेक्षा केली, ती त्या सरदाराच्या हयातीत घडलीही नव्हती. त्या मुलाने पुढे नाटकात काम केले की नाही, मला माहीत नाही. पण माझ्या एका ओळीने त्याला हे नक्कीच सांगितले असणार की इतिहासात राहणाऱ्या माणसांमध्ये त्याच्यासारखे बोलणारा कोणी नव्हता.

म्हणून नटाच्या वाणीची समीक्षा करणाऱ्याने निदान दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. आवाजाचे गुण, म्हणजे दमसास, पल्ला, स्पष्टता, स्वराचे नियंत्रण, हे कोणत्याही बोलीत तपासता येतात आणि तपासलेच पाहिजेत. बोलीच्या नावाखाली अस्पष्ट उच्चार खपवून घेणे हाही एक प्रकारचा उपमर्दच आहे. हेलाविषयी मात्र विचारावयाचा प्रश्न वेगळा. तो शुद्ध आहे की नाही, हे अप्रस्तुत होय. नटाने त्याचा उपयोग कशासाठी केला आणि त्या बोलीतले कोणते बारकावे त्याने निवडले, हे पाहावे. हा प्रश्न प्रमाण मराठी बोलणाऱ्या नटालाही विचारला गेला पाहिजे, कारण तोही कोणत्यातरी गावचेच मराठी बोलत असतो.