कमी पाणी वापरणारी शाळा हिरवी असते का?

करकंब म्हटलं की बाहेरच्यांना बाजार आमटी आठवते. मला शाळेतली कोरडी तोटी आठवते. अकरा ते पाच मी पाणी पीत नसे. प्यायलं की जावं लागणार, आणि स्वच्छतागृहात पाणी नसे. आम्हा बऱ्याच मुलींचं असंच होतं. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. आता पीएच.डी.साठी शाळांच्या पर्यावरण लेखापरीक्षणाचे तक्ते चाळत बसते तेव्हा वाटतं, या तक्त्यात माझी नोंद फार चांगली झाली असती. दिवसाला जवळजवळ शून्य लिटर!

आधी हे लेखापरीक्षण म्हणजे काय ते सांगते. पैशांचं ऑडिट तुम्हाला माहीत आहे: किती आले, किती गेले, कुठे मुरले. तोच हिशेब पाणी, वीज, कचरा, जमीन यांचा करायचा. आपल्याकडे शाळांसाठीचा सगळ्यात परिचित प्रयोग म्हणजे दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटचा ग्रीन स्कूल्स प्रोग्राम. ही संस्था अनिल अग्रवाल यांनी १९८० मध्ये काढली आणि शाळांचं ऑडिट २००६ पासून सुरू झालं. त्यात सहा विभाग आहेत: हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी आणि कचरा. मुलांचा गट आणि एक शिक्षक मिळून आपल्याच शाळेची मोजणी करतात, माहिती भरतात, आणि शाळेला रंग मिळतो. हिरवा सगळ्यात वरचा, मग पिवळा, केशरी, लाल.

या पद्धतीतली एक गोष्ट मला मनापासून आवडते. इथे मोजणारी मुलं असतात. ‘पाणी वाचवा’ अशी घोषणा भिंतीवर रंगवणं सोपं आहे. पण गळक्या तोटीखाली लिटरचं भांडं ठेवायचं, ते तासाभरात भरलं की २४ ने गुणायचं, दिवसाला २४ लिटर वाया जातंय हे वहीत लिहायचं आणि वही घेऊन मुख्याध्यापकांसमोर उभं राहायचं, यातून मूल जे शिकतं ते पाठ्यपुस्तकातून येत नाही. आता नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आहे, त्यातलं प्रात्यक्षिक म्हणून तर हे अगदी चपखल बसेल. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

तक्रार पुढे सुरू होते. मोजलेल्या आकड्याचा अर्थ कसा लावायचा?

दिवसभराच्या शाळेसाठी भारतीय मानक आहे माणशी रोज ४५ लिटर, निवासी शाळेसाठी १३५. साहजिकच आपण काय करतो, तर आपला आकडा ४५ च्या खाली आला की खूश होतो. जेवढा खाली, तेवढी शाळा गुणी. शहरातल्या ज्या शाळेत बाग आहे, फ्लशच्या टाक्या आहेत, चोवीस तास बोअर चालू आहे, तिथे हे ठीकच आहे. त्यांनी खाली यायलाच हवं.

आता करकंबच्या आसपासच्या एखाद्या शाळेचा हिशेब करून बघा. समजा गच्चीवर हजार लिटरची एक टाकी आहे, दिवसातून एकदा भरते. पट १८०, शिक्षक ६. हजार भागिले १८६, म्हणजे माणशी साधारण ५.४ लिटर. मानकाच्या आठव्या हिश्शाइतकंसुद्धा नाही. वा! याच पाण्यात खिचडी शिजते, ताटं धुतली जातात, हात धुतले जातात, आणि उरलं तर स्वच्छतागृहात जातं. उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये कमी साधनांच्या शाळांसाठी किमान मानकं दिली. त्यात दिवसाच्या शाळेला माणशी ५ लिटर मूलभूत गरजेसाठी, आणि हाताने पाणी ओतायचं शौचालय असेल तर वर आणखी दीड ते तीन लिटर सांगितले आहेत. म्हणजे साडेसहा ते आठ लिटर ही तळाची रेघ झाली. आपली समजा-शाळा तिच्याही खाली आहे. तिला पाणी वाचवायला सांगणं म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचं महत्त्व पटवून देणं. पण तक्त्यात ४५ ची रेघ आहे आणि साडेसहाची नाही, असं असेल तर टंचाई आणि बचत एकाच रकान्यात जाऊन बसतात. मग ती वेगळी काढता येत नाहीत.

विजेचंही असंच आहे. बिल थकलं म्हणून जोडणी तोडलेल्या जिल्हा परिषद शाळांच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. त्या शाळेचा वापर शून्य युनिट. ऊर्जा विभागात काय गुण द्यायचे सांगा.

आणि भागाकार करताना खालचा आकडा कुठला घ्यायचा? पट की हजेरी? ही बारीक बाब वाटेल, पण माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. बाजाराचा दिवस, आषाढीचे दिवस, लग्नसराई, अशा वेळी वर्ग अर्धेमुर्धे भरलेले असतात. पटाने भागलं तर वापर खोटाच कमी दिसतो. वरच्या उदाहरणात १८० पैकी १५० च मुलं आली, तर ५.४ चे ६.४ होतात. मुलांनी जास्त पाणी वापरलेलं नसतं, डोकी कमी झालेली असतात. उलट, ऊसतोडीच्या हंगामात बाहेरून टोळ्या येतात, कोप्या पडतात, त्यांतली काही मुलं जवळच्या शाळेत येऊन बसतात. ती पाणी पितात, पण पटावर कुठेच नसतात. भावंडाला सांभाळत कोपीतच राहिलेलं मूल तर दोन्ही आकड्यांत नाही. माझं म्हणणं, हजेरीनेच भागा, आणि एका दिवसावर न थांबता निदान दोन आठवडे मोजा. त्यात एक आठवडा उन्हाळ्यातला हवा. पावसाळ्यात मोजलेली सोलापूर जिल्ह्यातली शाळा ही अर्धवट मोजलेली शाळा आहे.

दुसरी अडचण कुंपणाची. ऑडिट शाळेच्या आवारापुरतं असतं. हवा विभागात गावची शाळा सहज वर येईल, मुलं पायी नाहीतर सायकलीवर येतात. पण ऊस तुटल्यावर शेजारच्या फडात पाचट पेटवलं की तो धूर खिडकीतून थेट वर्गात येतो. तो कुणाच्या खात्यावर लिहायचा? शाळेचा बोअर उन्हाळ्यात आटतो तोही शाळेने उपसा केला म्हणून नाही. भोवताली उसाला पाणी चालू असतं. उजनीचं पाणी आल्यापासून या भागात ऊस वाढला हे आपण सगळेच जाणतो, आणि त्यावर आपली घरं चालली हेही. माझंसुद्धा शिक्षण उसाच्या बिलावर झालं, त्यामुळे मी फार आवाज चढवून बोलत नाही.

इथे मला हिवरे बाजार आठवतं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं: पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, माणसांना-जनावरांना किती लागेल, उरलेल्यात कुठली पिकं बसतील. तिथे आकडा आला की पीक बदलतं. कारण मोजणारे आणि ठरवणारे एकाच ग्रामसभेत बसलेले असतात. शाळेत मोजतात सातवीची मुलं, आणि टाकी वाढवायची की नाही हे ठरवणारे भलतीकडे बसतात. मुलांनी आणखी काटकसर करायची, एवढंच मुलांच्या हातात राहतं.

आणखी एक. पाऊस साठवता का, हा प्रश्न अशा तक्त्यांत असतोच. आपल्याकडे वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस. एक चौरस मीटर छपरावर एक मिलीमीटर पडला की एक लिटर. म्हणजे २०० चौरस मीटरच्या छपरावर पाचशे मिलीमीटरचे एक लाख लिटर, गळती-बाष्पीभवन वजा जाता ऐंशी हजार धरा. वरच्या शाळेचे ऐंशी दिवस. हा हिशेब मुलांकडून जरूर करून घ्या. पण तक्त्यात नुसतं ‘होय/नाही’ असेल, तर खाली टाकी नसलेला, भिंतीला लटकवलेला पाइपही ‘होय’ ठरतो.

मी सध्या माझ्या तक्त्यात तीन रकाने वाढवून बघतेय. पाणी किती लागायला हवं होतं, किती मिळालं, आणि किती वाया गेलं. बचत फक्त तिसऱ्यातून मोजायची. पहिल्या दोनांतली तफावत मोठी असेल तर शाळेला रंग द्यायचाच नाही, तो कागद ग्रामपंचायतीकडे आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे पाठवायचा. चौथा रकाना अजून जमलेला नाही: दिवसभरात किती मुली पाणी प्यायल्या. हे विचारायचं कसं, हेच कळत नाही. हात वर करा म्हटलं तर सगळ्या हात वर करतात. आम्हीही केले असते. म्हणून आता पुढच्या फेरीत वर्गात चिठ्ठ्यांची पेटी ठेवून बघणार आहे, आणि बाटल्या सकाळी-संध्याकाळी वजन करता येतात का तेही. वाण्याकडचा काटा चालेल.