नकाराचा नियम : टेबलटॉप भूमिकाखेळांतील बॉस राक्षसाच्या शक्ती आणि प्रतिमंत्र

प्रास्ताविक :

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून खेळला जाणारा भूमिकाखेळ, हा बोलण्यातून घडत जाणारा कथाप्रकार आहे. चार-पाच खेळाडू प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. एक जण डंजन मास्टर, म्हणजे सूत्रधार होतो आणि राक्षसांसह उरलेले सर्व जग चालवतो. खेळाडू आपल्या पाळीत जे करू म्हणतो ते, फाशाने साथ दिल्यास, सर्वांच्या सामाईक कथेत घडते. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तेव्हापासून त्याचे नियमग्रंथ अनेकदा नव्याने लिहिले गेले. हे ग्रंथ सामान्यतः खेळाचे साधन म्हणून वाचले जातात; परंतु कथेत काय घडू शकते हे तेच ठरवत असल्याने त्यांना कथनाचे व्याकरण म्हणूनही वाचता येते.

प्रस्तुत निबंधात या व्याकरणातील एकाच घटकाचा, नकाराचा, विचार केला आहे. खेळाडूची कृती निष्फळ ठरवण्याचा बॉस राक्षसाचा अधिकार आणि शत्रूचा मंत्र अडवण्याचा मांत्रिकाचा अधिकार हे या नकाराचे दोन प्रमुख प्रकार होत. नकार कोणत्या किमतीला मिळतो आणि तो कथेत कोणती खूण ठेवतो, यावरच त्या नियमाची गुणवत्ता ठरते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

नकाराची गरज का निर्माण झाली? :

पाच नायकांसमोर एकच महाभयंकर ड्रॅगन उभा आहे असे मानू. प्रत्येक फेरीत प्रत्येकाला एक पाळी मिळते. म्हणजे ड्रॅगनने एकदा कृती करावी तोवर नायकांच्या पाच कृती झालेल्या असतात. त्यातील एखाद्याने शत्रूला जखडून टाकणारा मंत्र टाकला आणि ड्रॅगनचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाची फासाफेक, फसली तर अंतिम संग्राम पहिल्याच फेरीत संपू शकतो. कथेचा उत्कर्षबिंदू केवळ एका फाशाने कोसळतो.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने 'सोलो' या वर्गाद्वारे यावर उपाय शोधला. पाच पात्रांना एकटा पुरून उरेल असा हा राक्षस होता. परंतु त्याची पाळीच हिरावून घेणाऱ्या शक्तींपुढे तोही हतबल होई. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने पुढचे पाऊल टाकले. इतरांच्या पाळीनंतर करावयाच्या कृती, म्हणजे लेजेंडरी ॲक्शन, बॉसला मिळाल्या. त्याच्या गुहेत शिरल्यास गुहाही त्याच्या बाजूने लढू लागली. हीच लेअर ॲक्शन. तिसरा उपाय लेजेंडरी रेझिस्टन्सचा. बचाव फसला तरी दिवसातून ठरावीक वेळा, बहुधा तीनदा, 'तो यशस्वी झाला' असे बॉसच्या वतीने सूत्रधार ठरवू शकतो.

पहिले दोन उपाय कथेत भर घालतात. ड्रॅगन शेपटीचा तडाखा देतो, गुहेची जमीन हादरते. तिसरा उपाय वजाबाकी करतो. खेळाडूने मंत्र टाकला, फासा त्याच्या बाजूने पडला, आणि तरीही काहीच घडले नाही. त्याचे वाक्य कथेतून पुसले गेले. पुढील पाळी येईपर्यंत त्याच्या वाट्याला केवळ श्रोत्याची भूमिका उरते. तीनदा असे झाल्यावर चौथा मंत्र लागू पडतो. पण हा हिशेब ग्रंथातील आकड्यांत राहतो, ड्रॅगनच्या देहावर तो कोठेही उमटत नाही.

प्रतिमंत्राची वाटचाल :

प्रतिमंत्राची कल्पना या खेळाहूनही जुनी आहे. गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या 'चेनमेल' या युद्धखेळाच्या (प्रथमावृत्ती १९७१) अद्भुतविषयक परिशिष्टात तिचे मूळ आढळते. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत मात्र प्रतिमंत्र ही खऱ्या अर्थाने विद्या होती. मांत्रिकाला आपली कृती राखून ठेवावी लागे, शत्रूचा मंत्र ओळखावा लागे आणि सामान्यतः तोच मंत्र स्वतः टाकून तो अडवावा लागे. मंत्रनाशक 'डिस्पेल मॅजिक' वापरता येई, पण तेथे यशाची खात्री नव्हती. ही किंमत इतकी जबर होती की नियम सुंदर असूनही त्याचा वापर विरळ राहिला.

२०१४ मध्ये 'काउंटरस्पेल' हा तिसऱ्या श्रेणीचा स्वतंत्र मंत्र पाळी नसतानाही, प्रतिक्रिया म्हणून, टाकता येऊ लागला. साठ फुटांच्या आतील शत्रूचा तिसऱ्या किंवा त्याखालील श्रेणीचा मंत्र आपोआप विरून जाई. वरच्या श्रेणीसाठी दहा अधिक मंत्राची श्रेणी इतका आकडा फाशावर गाठावा लागे. लिच, म्हणजे मृत्यूवर मात केलेला महामांत्रिक, याचा नवव्या श्रेणीचा प्राणहारक मंत्र तिसऱ्या श्रेणीच्या काउंटरस्पेलने अडवायचा तर १९ हवेत. बुद्धीची भर ५ धरली तर वीस बाजूंच्या फाशावर १४ किंवा अधिक, म्हणजे ३५ टक्के शक्यता. उलटपक्षी, त्याच लिचचा अग्निगोल मात्र फासा न टाकताच विझे.

येथे एक विसंगती लक्षात येते. बॉसचे लेजेंडरी रेझिस्टन्स केवळ फसलेल्या बचावफेकीला लागू होई. काउंटरस्पेलमध्ये बचावफेकच नव्हती. म्हणजे एकाच ग्रंथातील नकाराचे हे दोन नियम परस्परांना ओळखतच नव्हते. खेळाडूचा मंत्र बॉस पुसून टाकी आणि बॉसचा मंत्र खेळाडू. लिचजवळही काउंटरस्पेल असल्याने प्रतिमंत्रालाही प्रतिमंत्र निघे. अशा वेळी कथा पुढे सरकण्याऐवजी पुसापुशीचा हिशेब तेवढा चाले.

अस्त्र आणि प्रत्यस्त्र :

या नियमांचे मूल्यमापन करताना महाभारतातील अस्त्रव्यवहार आठवणे मराठी वाचकाला स्वाभाविक आहे. येथे प्रभावाचा दावा नाही. नकाराच्या कथनमूल्याची तुलना तेवढी अभिप्रेत आहे.

आग्नेयास्त्राला वारुणास्त्राने उत्तर दिले जाते. आग विझते, पण पाणी दिसते. नकार हीच नवी घटना होते. नारायणास्त्राला प्रत्यस्त्र नाही. शस्त्र खाली ठेवणे हा एकच उपाय आणि तो कृष्णाला ठाऊक आहे. येथे नकाराची किंमत ज्ञान आणि नम्रता ही आहे. म्हणूनच ती भीमाला जड जाते. तिसरे उदाहरण कर्णाच्या वासवी शक्तीचे. कवचकुंडलांच्या मोबदल्यात इंद्राकडून मिळालेली ही शक्ती एकदाच वापरता येणारी आहे आणि कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली आहे. रात्रीच्या युद्धात घटोत्कच त्याला ती खर्च करायला भाग पाडतो. शत्रूचे अमोघ साधन आधी संपवावे आणि मग निर्णायक घाव घालावा, हेच लेजेंडरी रेझिस्टन्सविरुद्ध खेळणाऱ्या प्रत्येक गटाचे डावपेच असतात. फरक इतकाच की महाभारतात त्या खर्चाला घटोत्कचाचा देह आहे. खेळात तो सूत्रधाराच्या कागदावरची एक रेघ असतो.

यावरून तीन निकष हाती येतात. नकाराची किंमत सर्वांना दिसते का? नकार देणाऱ्याला पुरेसे ज्ञान असून त्याची निवड अर्थपूर्ण ठरते का? नकारानंतर कथेत काही अवशेष उरतो का?

अलीकडील सुधारणांची चिकित्सा :

२०१७ च्या 'झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग' या ग्रंथाने ज्ञानाचा प्रश्न हाताळला. समोरचा मंत्र ओळखण्यासाठीही प्रतिक्रियाच खर्च करावी, असा पर्यायी नियम त्यात आला. प्रतिक्रिया फेरीत एकच असल्याने जो ओळखतो तो अडवू शकत नाही आणि जो अडवतो तो आंधळेपणाने अडवतो. यात जुगाराची रंगत आहे. तथापि मांत्रिकाच्या व्यासंगाचा मान यात राहत नाही.

२०२२ च्या 'मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स' या ग्रंथाने वेगळी वाट धरली. अनेक मांत्रिक शत्रूंचे मुख्य हल्ले 'मंत्र' या वर्गातूनच काढले गेले. २०१६ च्या ग्रंथात अग्निगोल टाकणारा इव्होकर येथे 'स्कल्प्टेड एक्स्प्लोजन' नावाचा स्फोट घडवतो. स्फोट जादूचा आहे, पण नियमाच्या भाषेत मंत्र नाही; म्हणून काउंटरस्पेल त्याला स्पर्श करत नाही. सूत्रधाराचे काम यामुळे सुलभ झाले हे मान्य केले पाहिजे. तरीही खेळाडूला डोळ्यांसमोर मांत्रिक दिसतो, जादू दिसते आणि त्याने कष्टाने मिळवलेली विद्या निरुपयोगी असल्याचे त्याला कळते. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या रसविघ्नांत संभावनाविरहाला पहिले स्थान आहे. येथे नेमके तेच विघ्न उद्भवते. नकाराला नाव बदलून दिलेला हा नकार तीनही निकषांवर सर्वांत दुबळा ठरतो.

२०२४ च्या 'प्लेअर्स हँडबुक'ने काउंटरस्पेल मुळातूनच बदलला. आता मंत्र टाकणाऱ्याला शरीरबळाची बचावफेक करावी लागते. ती फसली तर मंत्र विरतो आणि कृती वाया जाते. जुन्या लिचच्या १० या भरीला हा नियम लावला आणि समोरच्या मांत्रिकाचा आकडा १८ धरला, तर यशाची शक्यता पुन्हा ३५ टक्केच येते; पण ती आता प्राणहारक मंत्राला आणि अग्निगोलाला सारखीच. श्रेणीनुसार चढणारा धोका नाहीसा झाला, हे या बदलाचे नुकसान होय.

लाभ मात्र त्याहून मोठा आहे. बचावफेक आल्यामुळे बॉसला लेजेंडरी रेझिस्टन्स येथेही वापरता येते. नकाराचे दोन नियम प्रथमच एकमेकांसमोर उभे राहिले. बचाव फसला की बॉसने एक तर मंत्र गमवावा, नाही तर मोजक्या प्रतिकारांपैकी एक खर्चावा. प्रतिमंत्र टाकणारा खेळाडू अशा प्रकारे घटोत्कचाचे काम करू लागला आहे. स्पेल स्लॉटमधून, म्हणजे दिवसाच्या मंत्रसाठ्यातून, टाकलेला मंत्र अडला तर तो स्लॉट खर्च होत नाही, अशीही सवलत आहे. २०२५ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मधील राक्षस स्लॉट वापरत नसल्याने ती प्रत्यक्षात खेळाडूंच्याच पदरी पडते. हा पक्षपात समर्थनीय वाटतो. सूत्रधाराजवळ साऱ्या जगाची पात्रे असतात, खेळाडूजवळ एकच. याच ग्रंथात लेअर ॲक्शन वगळून गुहेतील ड्रॅगनला एक जादा प्रतिकार व एक जादा लेजेंडरी ॲक्शन दिली आहे. गुहेचे हादरणे जाऊन तिच्या जागी आकडा आला, ही माघारच म्हणावी लागेल.

'पाथफाइंडर'च्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतील मार्ग येथे तुलनेसाठी उपयुक्त आहे. तेथे निष्प्रभ करणाऱ्या मंत्रांना विशेष खूण असते. मंत्राच्या श्रेणीच्या दुपटीहून लक्ष्याची पातळी अधिक असेल तर त्याच्या बचावाचा निकाल एका पायरीने सुधारतो. पायऱ्या चार असल्याने पूर्ण अपयशाचे साधे अपयश होते. सर्वस्वी शून्य होतेच असे नाही. अवशेषाचा निकष येथे बऱ्याच अंशी सांभाळला गेला आहे. मात्र शत्रूची पातळी खेळाडूला आधी कळत नसल्याने किंमत दिसत नाही.

निष्कर्ष :

१. बॉस राक्षसाला संरक्षण देणे कथेच्या उत्कर्षबिंदूसाठी आवश्यक आहे; परंतु भर घालणारे संरक्षण वजाबाकी करणाऱ्या संरक्षणाहून श्रेष्ठ ठरते.

२. नकाराचे नियम एकाच मापाने परस्परांशी जोडलेले असावेत. या दृष्टीने २०२४ ची सुधारणा २०१४ च्या रचनेपेक्षा न्याय्य आहे.

३. जादूला 'मंत्र नव्हे' असे संबोधून खेळाडूची विद्या निष्प्रभ करणे हा सोयीचा, पण कथेवरील विश्वास उणावणारा उपाय आहे.

४. अवशेषाची उणीव सूत्रधार स्वतः भरून काढू शकतो. शिल्लक प्रतिकारांच्या सोंगट्या टेबलावर उघड ठेवाव्यात आणि प्रत्येक प्रतिकारासोबत ड्रॅगनचे एक शिंग मोडावे, लिचच्या मुकुटातील एक रत्न काळवंडावे. नियमाचा एकही आकडा त्यासाठी बदलावा लागत नाही. खेळाडूचा मंत्र विफल झाला तरी त्याचे वाक्य मात्र कथेत राहते.