ताराबाईंची तुलना आणि अर्धे तिकीट

श्रावणातल्या एका रविवारी मी आणि माझी थोरली बहीण जोतिबाला निघालो होतो. कोल्हापूरच्या स्टँडवर गाडीत जागा मिळाली. कंडक्टरने माझे पूर्ण तिकीट फाडले आणि अक्काचे अर्धे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मे भाडे पडते, हे वाचकांना ठाऊकच आहे. मागच्या बाकावर आमच्या गावचे एक ओळखीचे गृहस्थ होते. ते पुढे वाकून म्हणाले, “मास्तर, समान हक्क पायजेत म्हणत्यात, आनि तिकीट मात्र अर्धं! तुमी पुस्तकं लिवनारी मानसं. ह्येचा हिशेब सांगा की जरा.”

मी नुसता हसलो. अक्का खिडकीबाहेर पाहत राहिली. गंमत अशी की, ज्या पुस्तकात हा हिशेब मांडला आहे ते पुस्तक त्या वेळी माझ्या पिशवीतच होते.

ते पुस्तक म्हणजे ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’. बुलढाण्याच्या या बाईंनी ते १८८२ साली प्रसिद्ध केले. पुढे ते असे विस्मरणात गेले की, १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापले तेव्हा कुठे ते मराठी वाचकांच्या हाती आले. मी मॅट्रिकवर थांबलेला चित्रकलेचा मास्तर. टीकाकार म्हणवून घेण्याचा माझा अधिकार नाही. पण चार-दोन कादंबऱ्या लिहिल्या आहेत, आणि हे पुस्तक कादंबरीकाराला झोंबणारे आहे. म्हणून हा प्रपंच.

निमित्त घडले ते सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेचे. आपल्या नवजात मुलाला मारल्याबद्दल तिला १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. नंतर ती बदलून काळ्या पाण्याची झाली. वर्तमानपत्रांनी त्या एका बाईवरून साऱ्या बायकांच्या नीतीवर झोड उठवली. तेव्हा घरीच वडिलांच्या हाताखाली शिकलेल्या ताराबाई लेखणी घेऊन बसल्या आणि त्यांनी पुरुषांना समोरासमोर विचारले: जे दोष तुम्ही बाईच्या माथी मारता, ते तुमच्यात नाहीत काय? बायको मेली तर तुम्ही लगेच दुसरी आणता, मग नवरा मेल्यावर बाईनेच केस का उतरावेत? नवऱ्याला देव मानायचे तर नवऱ्यानेही देवासारखे वागायला नको काय?

हे सारे त्यांनी पंडिती भाषेत मांडलेले नाही. अंगणात उभी राहून एखादी बाई साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलते, तशी ही भाषा आहे. म्हणी येतात, टोमणे येतात, राग येतो, मध्येच हसू येते. त्या काळच्या शहाण्यासुरत्या मंडळींना हे रुचले नाही. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. ताराबाईंनी त्यानंतर दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांनी लेखकांवर धरलेला रोख. त्या काळी गाजलेल्या ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’, ‘मनोरमा’ यांसारख्या पुस्तकांनाही त्यांनी सोडले नाही. पुरुषांनी कागदावर रंगवलेली बाई आणि घरात चुलीपुढे बसलेली बाई यांचा मेळ बसत नाही, हे त्यांच्या नजरेने टिपले. मराठीत कादंबरी अजून रांगत होती, तेव्हाच एका बाईने तिचा कान धरला होता. आपल्या टीकेच्या इतिहासात ही गोष्ट ठळकपणे सांगितली जात नाही, हे आपल्या टीकेचे उणे आहे.

पण गौरव करून थांबणे ही काही टीका नव्हे. या पुस्तकाला मर्यादाही आहे. ताराबाई दोष मोजतात, वाटणी मोजत नाहीत. खोटे कोण बोलतो, दगा कोण देतो, व्यसन कोणाला लागते, याचा झाडा त्या घेतात. घर कोणाच्या नावावर आणि शेत कोणाचे, या प्रश्नाकडे त्यांचा तराजू फारसा वळत नाही. पतिव्रतेचा आदर्शही त्या मोडीत काढत नाहीत. तो दोघांनाही सारखा लागू करा, एवढेच त्यांचे म्हणणे. १८८२ सालच्या एकट्या बाईकडून याहून अधिक मागणे अन्यायाचे होईल. पुढचे काम पुढच्यांचे होते.

ते काम आमच्या या कोल्हापुरात थोडेफार झालेही. शाहू महाराजांनी १९१७ साली विधवाविवाहाचा कायदा केला आणि १९१९ साली बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. तरीही २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला, विधवेचे कुंकू पुसू नये आणि बांगड्या फोडू नयेत, असा ठराव करावा लागला. ताराबाईंच्या प्रश्नाला तोवर १४० वर्षे झाली होती! पुस्तक जुने झाले, प्रश्न मात्र झाला नाही.

आता मागच्या बाकावरचा हिशेब. आज बायकांसाठी झालेल्या उपायांवर घरोघर वाद चालतो. स्थानिक संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा, २०२४ च्या जुलैपासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिना १५०० रुपये, त्याच वर्षीच्या १ मेपासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव. यांवर आक्षेप घेणारे सारेच बायकांचे वैरी नाहीत. सरपंच बाई आणि खुर्चीत तिचा नवरा, हे आपण पाहतो. विधानसभेच्या निवडणुकीला काही महिने उरले असताना सुरू झालेल्या पैशांत मतांचा वास येतो, असे कोणी म्हटले तर त्याला खोडून काढणे सोपे नाही. अर्ध्या तिकिटाला गरीब-श्रीमंत कळत नाही, हेही खरेच.

माझी तक्रार वेगळी आहे. या वादात तराजू उचलला जातो, पण पारडे एकच भरले जाते. बाईला काय मिळाले, ते सारे जण मोजतात. पुरुषाला काय मिळत आले, ते कोणी मोजत नाही. ताराबाईंनी पुस्तकाच्या नावातच ‘तुलना’ हा शब्द घातला, तो उगाच नव्हे.

डोंगरावर पोचलो. देवळात गुलालाने पायऱ्या रंगल्या होत्या आणि ‘चांगभलं’चा गजर चालला होता. करवीरच्या अंबाबाईने हाक दिली, म्हणून हा देव धावून आला आणि त्याने रत्नासुराला मारले, अशी इथली कथा आहे. मदत घेतली म्हणून अंबाबाई उणी झाली, असे आजवर एकाही भक्ताने म्हटलेले नाही.

दर्शन झाल्यावर ओवरीत बसलो. मी अक्काला विचारले, “अक्का, त्या हक्कसोडपत्रावर तू सही का केलीस?”

वडील २०१२ साली गेले. मुलीला मुलाइतकाच वाटा, असा कायदा २००५ सालीच झाला होता. पण आमच्याकडे बहिणी सही करतात, तशी अक्कानेही निबंधकाच्या कचेरीत केली. मी तिला साडी घेतली. पुढे माझ्या एका कादंबरीत मी अशीच एक बहीण रंगवली. ती हसत सही करते आणि भावाचे डोळे भरून येतात. वाचकांनी त्या प्रसंगाची वाखाणणी करणारी पत्रे पाठवली. ती मी जपून ठेवली आहेत.

अक्का म्हणाली, “सही केली नसती तर तुझ्या दारात पाय ठेवायला जागा ऱ्हायली असती का, बाळ? म्हायेर तुटू ने म्हनून केली.” थोड्या वेळाने म्हणाली, “तुझ्या पुस्तकातली ती बाई हसत्या. मी कुठं हसल्ते?”

‘मुक्तामाला’कारांचा कान जिने धरला, तिच्या हाती मीही सापडलो होतो. अक्काची सवलत तिकिटावर छापलेली असते, म्हणून ती साऱ्या गाडीला दिसते. मला मिळालेली सवलत एवढीच की, सात-बाऱ्यावर तिचे नाव नाही. जे नाव नाहीच ते मागच्या बाकावरून कसे दिसणार?

परत येताना तेच गृहस्थ पुन्हा गाडीत भेटले. या वेळी मी त्यांना हिशेब सांगितला, माझ्या शेताच्या एकरांसकट. ते काही बोलले नाहीत. त्यांनाही तीन बहिणी आहेत.

ही भाऊबीज येण्यापूर्वी अक्काच्या वाट्याची जमीन तिच्या नावावर करावी, म्हणून मी वकिलाकडे जाऊन आलो. सोडलेला हक्क आता सरळ परत करता येत नाही. बक्षीसपत्र करावे लागेल, असे ते म्हणाले. म्हणजे जे तिचेच होते, ते मी तिला ‘बक्षीस’ दिले असे कागदावर लिहिले जाणार! ताराबाई असत्या तर या एका शब्दावर त्यांनी दोन पाने लिहिली असती. मी तो शब्द तसाच ठेवून सही करणार आहे, आणि कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली तर तो प्रसंग नव्याने लिहिणार आहे.