विश्रामबाग वाडा : नाव आणि इतिहास

पुण्यातील विश्रामबाग वाड्याची प्रचलित वर्णने बहुधा दुसऱ्या बाजीरावापाशी सुरू होतात आणि तेथेच संपतात. सुमारे दोन लाख रुपये खर्चून १८०७ मध्ये उभारलेली वास्तू, सुरूच्या आकाराचे सागवानी खांब, कोरीव सज्जा आणि पेशव्याचा विलास, एवढ्यात वाड्याचा इतिहास आटोपतो. या वर्णनांत असत्य काही नाही; प्रमाण मात्र चुकले आहे. पेशवाई १८१८ मध्ये संपली. म्हणजे दोन शतकांहून अधिक आयुष्यापैकी जेमतेम अकरा वर्षे हा वाडा पेशव्याचा होता.

विशेषनाम रूढ झाले की त्याचा व्युत्पत्त्यर्थ वस्तूच्या व्यवहारापासून सुटतो, हे भाषाभ्यासकास नवे नाही. वाड्याच्या वर्णनकारांनी मात्र ‘विश्राम’ या पदालाच आशय मानले. वस्तुतः १८२१ पासून येथे अध्ययन चालले. त्या वर्षी वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली आणि पेशवेकालीन दक्षिणेचा काही भाग तिच्याकडे वळला. १८५१ मध्ये इंग्रजी शाळेशी एकत्र होऊन तिचे पूना कॉलेज झाले. तेच पुढचे डेक्कन कॉलेज. मराठी व्याकरणाची चिकित्सा करणारे कृष्णशास्त्री चिपळूणकर या पाठशाळेचेच विद्यार्थी. शास्त्राध्ययनाची शिस्त देशभाषेच्या विचारात उतरली, तिचे एक मूळ या वाड्यात आहे.

ही विद्या प्रारंभी ब्राह्मणांपुरतीच होती, हे वगळून केलेला गौरवही एकांगीच ठरेल. तथापि जोतीराव फुले यांच्या शिक्षणकार्याबद्दल सरकारने १६ नोव्हेंबर १८५२ रोजी त्यांचा सत्कार केला, तो याच वाड्यात. ज्या सत्यशोधक समाजाची स्थापना फुल्यांनी १८७३ मध्ये केली, त्याची शाखा १९११ मध्ये कोल्हापुरात निघाली. त्या परंपरेत वाढलेल्या येथील अभ्यासकाला तरी हा वाडा केवळ पेशव्याचा वाटू नये.

१८७९ च्या आगीत वाड्याचा मोठा भाग जळाला व पुन्हा बांधावा लागला. पुढे नगरपालिकेचे कार्यालयही येथे नांदले. तेव्हा आज जतन होते ती केवळ बाजीरावाची वास्तू नव्हे. खांब आणि सज्जा राखणे आवश्यकच आहे. परंतु पाठशाळेची, सत्काराची आणि पुनर्बांधणीची नोंद वाड्याच्या परिचयात नसेल, तर लाकूड टिकेल आणि इतिहास मात्र अकरा वर्षांचाच राहील.