डीएनए व प्रथिनांपासून जिवाणुरोधक जैवपदार्थ : एका गृहीतकाची चिकित्सा

१८६९ मध्ये फ्रीडरिश मीशर यांनी ट्युबिंगेन येथे शस्त्रक्रियेनंतरच्या पट्ट्यांवरील पुवातून 'न्यूक्लीन' वेगळे केले. आज डीएनए म्हणून परिचित असलेला पदार्थ प्रथम हाती आला तो असा, जखमेच्या पट्टीवरून. पुढे १८७४ मध्ये सॅमन माशाच्या रेतात डीएनएसोबत आढळणाऱ्या प्रथिनास त्यांनी 'प्रोटामिन' हे नाव दिले. या दोहोंच्या संयोगातून जैवविघटनशील व जिवाणुरोधक पट्ट्या, लेप तयार करण्याच्या आजच्या प्रयत्नांना हा इतिहास शोभून दिसतो. मात्र जे नैसर्गिक आहे व शरीरात विरून जाते ते निर्धोक असते, हे त्यामागील गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे.

डीएनए ऋणप्रभारित, तर प्रोटामिन व लायसोझाइम धनप्रभारित असल्याने त्यांचा संयोग सहज होतो. परंतु ज्या प्रभाराच्या बळावर प्रोटामिन जिवाणूच्या आवरणावर आघात करते, तोच प्रभार या बंधनात खर्ची पडतो. म्हणजे पदार्थ जितका घट्ट, तितका तो निष्प्रभ होण्याचा संभव.

निसर्गातही हा संयोग आढळतो. न्यूट्रोफिल पेशी डीएनए व हिस्टोन प्रथिनांचे जाळे बाहेर टाकून जिवाणूंना अडकवितात, असे ब्रिंकमन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखविले. स्टॅफिलोकोकस ऑरियस मात्र न्यूक्लिएज विकराने हे जाळे तोडून निसटतो. ज्या गुणास 'जैवविघटनशीलता' म्हणून गौरविले जाते, तीच येथे जिवाणूची पळवाट ठरते!

याहून गंभीर बाब डीएनएच्या मात्रेची आहे. मल्काही व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये स्यूडोमोनास एरुजिनोसावर केलेल्या अभ्यासानुसार अधिक मात्रेतील डीएनए मॅग्नेशियमसारखे धनायन बांधून ठेवते व जिवाणू फुटतात. परंतु त्याहून कमी मात्रेत धनप्रभारित पेप्टाइडांविरुद्ध जिवाणूची प्रतिकारक्षमता २५६० पटींपर्यंत वाढते. विघटन होत जाणाऱ्या पट्टीत डीएनएची मात्रा केव्हा ना केव्हा या टप्प्यातून जाणारच. शिवाय बायोफिल्मच्या उभारणीस पेशीबाह्य डीएनए लागते, हे २००२ पासून ज्ञात आहे.

म्हणून आगरवरील निरोधवलयाचा व्यास मोजून थांबणारी चाचणी अपुरी होय. ती पट्टीचा पहिला दिवस सांगते, पाचवा नाही. न्यूक्लिएज निर्माण करणाऱ्या जिवाणूंच्या सान्निध्यात पदार्थ अर्धवट विघटित होऊ द्यावा आणि त्या अवस्थेतील अवशेषांवर वाढलेल्या जिवाणूंची प्रतिकारक्षमता पुन्हा मोजावी.